मअमनपर्यंत : आश्रय देण्याविषयी इस्लामची शिकवण

जुमाच्या नमाजनंतर आपल्या मशिदींमध्ये जी दुआ मागितली जाते, तिच्यात गेली काही वर्षे बर्माच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, अत्याचारपीडित रोहिंग्या बांधवांचा उल्लेख असतो. आपण आमीन म्हणतो, प्रसंगी खिशातून काही काढून देतो आणि पांगतो. ही दुआ आणि ही देणगी दोन्ही मोलाच्या आहेत. परंतु आश्रय या विषयावर शरीअतने जे सविस्तर मार्गदर्शन केले आहे, त्याचा अभ्यास आपल्याकडे फारसा होत नाही. निर्वासिताला छप्पर आणि दोन वेळचे अन्न मिळाले की आश्रय देणाऱ्याचे कर्तव्य संपते काय? प्रस्तुत पाठात या एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आपण कुरआन व सीरतकडे पाहू, मग आपल्याच महाराष्ट्रातील एका निर्वासित छावणीकडे आणि त्यानंतर बांगलादेशातील छावण्यांकडे वळू.

कुरआनमधील एक शब्द

सूरह तौबाच्या सहाव्या आयतीचा संदर्भ युद्धाचा आहे. करार मोडणाऱ्या मुशरिकांविषयी कठोर आदेश दिले जात असतानाच तेथे एक अपवाद सांगितला आहे. त्यांच्यापैकी एखाद्याने आश्रय मागितला तर त्याला आश्रय द्यावा, त्याला अल्लाहची वाणी ऐकू द्यावी आणि नंतर त्याला त्याच्या 'मअमन'पर्यंत पोहोचवावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. मअमन म्हणजे जेथे भय उरत नाही असे ठिकाण. ईमान, अमानत आणि अमान हे आपल्या परिचयाचे शब्दही याच धातूपासून आले आहेत.

या आदेशात तीन क्रिया आहेत : आश्रय देणे, ऐकवणे आणि पोहोचवणे. तिसरी क्रिया आपण सहसा विसरतो. आश्रिताने स्वतःच वाट शोधावी असे येथे म्हटलेले नाही. त्याला भयमुक्त ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी आश्रय देणाऱ्यावर टाकलेली आहे. शिवाय येथे आश्रिताच्या श्रद्धेची अट नाही. समोरचा माणूस शत्रुपक्षातील आहे आणि ईमानधारकही नाही. फुकहांनी अमानचे, म्हणजे अभयाचे, नियम सांगताना या आयतीचा आधार घेतला आहे. शत्रुपक्षातील माणसाचा हक्क एवढा असेल, तर ज्याने कोणाचाही अपराध केलेला नाही आणि ज्याला स्वतःच्या गावातून हुसकावून लावले आहे, त्याचा हक्क किती मोठा असेल याचा विचार आपणच करावा.

हे अभय देण्याचा अधिकार केवळ शासकाचा मानला गेला नव्हता. मक्काविजयाच्या दिवशी हजरत उम्मे हानी (रजि.) यांनी आपल्या सासरकडील लोकांना अभय दिले होते. त्यांचे बंधू हजरत अली (रजि.) यांना ते मान्य नव्हते. प्रकरण पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी उम्मे हानींनी दिलेले अभय कायम ठेवले. एका स्त्रीचा शब्द साऱ्या समाजावर बंधनकारक ठरला.

हबशा : आधी ऐकून घेणे

आश्रय देण्याविषयी मुस्लिमांना शिकवण मिळाली, परंतु त्याआधी त्यांनी स्वतः आश्रय घेतला होता. पैगंबरत्वाच्या पाचव्या वर्षी, इ.स. ६१५च्या सुमारास, मक्केतील छळ असह्य झालेल्या मुस्लिमांच्या पहिल्या तुकडीने समुद्र ओलांडून हबशा (आजचा इथिओपिया व आसपासचा प्रदेश) गाठला. तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांनी त्यांच्या मागावर दोन दूत पाठवले. दरबाऱ्यांना व राजाला भेटी दिल्या आणि हे लोक आमचे पळपुटे आहेत, यांना आमच्या हवाली करा, अशी मागणी केली. दरबाऱ्यांचाही कल ती मान्य करण्याकडे होता.

नजाशीने भेटींकडे पाहून निर्णय दिला नाही. ज्यांनी आपल्या भूमीत आश्रय घेतला आहे त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय आपण त्यांना कोणाच्या हवाली करणार नाही, अशी त्याची भूमिका होती. हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) दरबारात बोलले आणि त्यांनी सूरह मरयममधील आयती ऐकवल्या. कुरैशांच्या भेटी परत करण्यात आल्या. आज आंतरराष्ट्रीय कायद्यात जिवाला धोका असेल तेथे निर्वासिताला परत पाठवू नये, हे तत्त्व मानले जाते. ते तत्त्व नजाशीच्या दरबारात चौदाशे वर्षांपूर्वी पाळले गेले होते.

हबशामधील मुस्लिम तेथे निष्क्रिय बसून राहिले नाहीत आणि यजमान राज्याशी त्यांनी द्रोहही केला नाही. त्यांच्यातील अनेकजण हिजरी ७मध्ये, म्हणजे एक तपाहून अधिक काळाने, मदीनेला आले. नजाशीच्या निधनाची वार्ता पैगंबरांनी (स.) स्वतः सहाबांना दिली आणि त्याच्यासाठी अनुपस्थितीत जनाजाची नमाज अदा केली. ताइफहून परतताना मुतइम बिन अदी या मुशरिक सरदाराच्या संरक्षणात पैगंबरांनी (स.) मक्केत प्रवेश केला होता, तेही ते विसरले नाहीत. आज मुतइम हयात असता आणि त्याने या कैद्यांसाठी रदबदली केली असती, तर आपण त्यांना त्याच्याखातर सोडून दिले असते, असे ते बद्रच्या कैद्यांविषयी म्हणाले. आश्रय देणारा अन्य धर्माचा असला तरी त्याचे उपकार स्मरणे ही सुन्नत आहे.

मदीना : सुफ्फा आणि खजुराच्या बागा

हिजरतनंतर मदीनेत जे घडले त्याचे वर्णन आपण बंधुभावाचा आदर्श म्हणून करतो. त्या घटनेची व्यवस्थाही पाहिली पाहिजे, कारण ती पुनर्वसनाची सुविचारित व्यवस्था होती.

पहिली गोष्ट तात्पुरत्या निवाऱ्याची. ज्यांना मदीनेत ना घर होते ना नातेवाईक, असे लोक मस्जिदे नबवीच्या सुफ्फ्यावर, म्हणजे छप्पर घातलेल्या ओट्यावर, राहत. ही त्या काळची छावणीच होती. परंतु ती गावाबाहेर नव्हती, मशिदीतच होती. ज्याच्या घरी दोघांचे अन्न आहे त्याने तिसऱ्याला सोबत न्यावे, अशी शिकवण होती आणि सुफ्फ्यावरील माणसे सायंकाळी मदीनेच्या घरांत जेवायला जात. दिवसा तेथे शिक्षण चाले. हदीसचे एक थोर रावी हजरत अबू हुरैरा (रजि.) याच ओट्यावरचे.

दुसरी गोष्ट उपजीविकेची. पैगंबरांनी (स.) मुहाजिर व अन्सार यांच्यात भाऊबंदकीचे नाते, मुआखात, जोडून दिले. अन्सारांनी आपल्या खजुराच्या बागा निम्म्या वाटून देण्याची तयारी दाखवली, पण पैगंबरांनी (स.) ते मान्य केले नाही. मग मुहाजिरांनी बागांत श्रम करावेत आणि उत्पन्नात वाटेकरी व्हावे, असे ठरले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी संपत्ती देऊ केली असता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. त्यांनी पनीर व तुपाचा व्यापार सुरू केला आणि थोड्याच काळात ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. पुढे खैबरनंतर मुहाजिरांची स्थिती सुधारली तेव्हा अन्सारांनी दिलेली खजुराची झाडे त्यांनी परत केली.

अन्सारांच्या या औदार्याची प्रशंसा सूरह हश्रच्या नवव्या आयतीत आली आहे. स्वतः तंगीत असतानाही त्यांनी मुहाजिरांना स्वतःच्या पुढे मानले, असा तिचा आशय आहे. या औदार्यातून मुहाजिर कायमचे परावलंबी झाले नाहीत, कारण त्यांच्या हातांना काम मिळाले आणि बाजार त्यांच्यासाठी खुला होता. मदीना त्यांचे मअमन झाले ते यामुळे.

वळिवडे : कोल्हापूरची छावणी

आता आपल्या मातीकडे येऊ. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३पासून १९४८पर्यंत, येथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. १९४०-४१मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना घरांतून उचलून सैबेरिया व कझाखस्तानकडे पाठवले होते. १९४१मध्ये सुटकेचा करार झाल्यावर त्यांतील एक लाखाहून अधिक माणसे १९४२मध्ये इराणमध्ये पोहोचली. इस्फहान शहरात पोलिश अनाथ मुलांसाठी निवासगृहे उघडली गेली. तेथून काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या महाराजांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला आणि कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत वळिवड्याची वसाहत उभी राहिली. म्हणजे कॅथलिक पंथाची ही माणसे आधी मुस्लिमांच्या देशात आणि मग एका मराठा संस्थानात आश्रयास आली. त्यांना कोणी धर्मांतराची अट घातली नाही.

वळिवड्यात कुटुंबांना राहण्यासाठी बराकी होत्या. तेथे पोलिश भाषेतील प्राथमिक व माध्यमिक शाळा, चर्च आणि दवाखाना होता, स्काउटची पथके होती, नाटके होत. खर्चाचा भार लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने उचलला होता. युद्ध संपले तेव्हा पोलंडवर पुन्हा त्याच सोव्हिएत सत्तेची छाया पडलेली होती. काहीजण मायदेशी परतले, परंतु अनेकांना ते भयमुक्त वाटले नाही. ते ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जाऊन स्थायिक झाले. म्हणजे वळिवडे हे त्यांचे कायमचे घर नव्हते, पण मअमनपर्यंतच्या वाटेवरचा विश्वासाचा मुक्काम मात्र होते. त्या मुलांनी कोल्हापूरची आठवण आयुष्यभर जपली. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

पोलिश निर्वासित गेल्यानंतर त्याच बराकींत फाळणीमुळे सिंध सोडून आलेल्या सिंधी हिंदूंना वसवण्यात आले. त्या वसाहतीचे नाव गांधीनगर. हे लोक परत जाणार नव्हते. त्यांना येथेच रुजायचे होते. आज गांधीनगर ही कपड्यांची मोठी घाऊक बाजारपेठ आहे आणि महाराष्ट्राच्या दूरदूरच्या गावांतील दुकानदार तेथून माल आणतात. एकेकाळी ज्यांना छावणीत शिधा मिळत होता त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी इतरांना रोजगार दिला.

एकाच जागेवर दोन निर्वासित समूह राहिले. एकाला तेथून पुढे जाता आले आणि दुसऱ्याला तेथेच राहता आले. दोघांनाही भयमुक्त ठिकाण लाभले. असे का झाले? पोलिश लोकांच्या पाठीशी त्यांना आपले मानणारे सरकार होते आणि त्यांना स्वीकारणारे देश होते. सिंधी बांधवांना या देशाचे नागरिकत्व मिळाले, त्यामुळे जमीन, शाळा, बाजार आणि मतदान हे सारे त्यांच्यासाठी खुले झाले.

कुतुपालोंग : थांबलेला प्रवास

या कसोटीवर रोहिंग्यांची स्थिती पाहू. म्यानमारच्या राखाइन (पूर्वीच्या अराकान) प्रांतातील या मुस्लिम समाजाला १९८२च्या नागरिकत्व कायद्याने व्यवहारात नागरिकत्वापासून वंचित केले. १९७८ आणि १९९१-९२मध्ये लाखोंच्या संख्येने ते बांगलादेशात पळून आले होते आणि दोन्ही वेळा बहुतेकांना परत पाठवण्यात आले. गेले ते ज्या ठिकाणी गेले तेथे भय तसेच होते, म्हणून पुन्हा पळावे लागले. २५ ऑगस्ट २०१७नंतरच्या लष्करी कारवाईत सात लाखांहून अधिक माणसे काही महिन्यांत सीमा ओलांडून आली. कॉक्स बाजार जिल्ह्यातील कुतुपालोंगची वस्ती ही जगातील सर्वांत मोठी निर्वासित छावणी मानली जाते.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. बांगलादेश हा श्रीमंत देश नाही, दाट लोकवस्तीचा आहे. तरीही त्याने दार उघडले. सीमेवरच्या गरीब गावकऱ्यांनी पहिल्या दिवसांत आपल्या घरांतील अन्न दिले. हे अन्सारांचेच काम होते. श्रीमंत देशांनी या भाराचा वाटा पुरेसा उचलला नाही. २०२३मध्ये निधीअभावी जागतिक अन्न कार्यक्रमाला दरमहा माणशी बारा डॉलरचा शिधा आठ डॉलरपर्यंत खाली आणावा लागला.

परंतु सुफ्फ्याशी तुलना केली की उणीवही दिसते. या निर्वासितांना छावणीबाहेर रीतसर काम करण्याची परवानगी नाही. मुलांना बांगलादेशी शाळांत प्रवेश नाही आणि म्यानमारच्या अभ्यासक्रमानुसार शिकवण्याचा प्रयोगही आगमनानंतर चार वर्षांनी सुरू झाला. छावण्यांना काटेरी तारांचे कुंपण घातले गेले. मार्च २०२१मध्ये भीषण आग लागली तेव्हा त्या कुंपणामुळे बाहेर पडणे कठीण झाल्याचे सांगितले गेले. डिसेंबर २०२०पासून हजारोंना बंगालच्या उपसागरातील भाशान चर या बेटावर हलवण्यात आले. तेथे पक्की घरे आहेत, पण चहूबाजूंनी समुद्र आहे. राखाइन प्रांतात युद्ध चालू असल्यामुळे परत पाठवणे म्हणजे मअमनपर्यंत पोहोचवणे होत नाही. त्यांचे छप्पर आहे, शिधा आहे. पुढची वाट मात्र नाही. म्हणून अनेकजण जीव धोक्यात घालून होड्यांतून मलेशिया व इंडोनेशियाकडे निघतात.

मे २०१५मध्ये अशा होड्यांना आग्नेय आशियातील देश किनाऱ्यावर येऊ देत नव्हते. तेव्हा इंडोनेशियातील आचे प्रांताच्या कोळ्यांनी समुद्रातून शेकडो माणसांना वाचवून आणले. त्याच आचे प्रांतात डिसेंबर २०२३मध्ये विद्यार्थ्यांच्या जमावाने रोहिंग्या कुटुंबांना आसऱ्याच्या जागेतून बाहेर काढण्यास भाग पाडले. दोन्ही ठिकाणची माणसे मुस्लिम आणि एकाच प्रांतातील. ज्या समाजात सतत उजळणी होत नाही त्याची करुणा आटू शकते, हा धडा आपण घ्यावा. याच काळात गांबिया या आफ्रिकेतील लहानशा मुस्लिमबहुल देशाने नोव्हेंबर २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध दावा दाखल केला आणि जानेवारी २०२०मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचे अंतरिम आदेश दिले. मदत करण्यासाठी देश मोठाच असावा लागतो असे नाही.

आपल्या दाराशी

वाचकहो, हे सारे दूरचे आहे असे आपण परळीसारख्या गावी बसून म्हणू शकत नाही. १९४७-४८मध्ये रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील अनेक हिंदू कुटुंबांनी निजामाच्या राज्याची हद्द ओलांडून आसरा घेतला. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर अनेक मुस्लिम कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली. दोन्ही वेळी शेजाऱ्याला लपवणारी, त्याच्या घराची राखण करणारी माणसे दोन्ही समाजांत होती. आजही आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि दुसऱ्याच्या रानात कोप्या घालून राहतात. ते निर्वासित नाहीत, ते या देशाचे नागरिक आहेत. परंतु परक्या जमिनीवर लेकरांची शाळा सुटते, आजारपणात ओळखीचे कोणी नसते, हे त्यांच्या घरांना ठाऊक आहे.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे कायद्याची माहिती करून घ्यावी. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. म्हणून विदेशी व्यक्तीच्या बाबतीत देशाच्या कायद्यानेच चालावे लागते, आणि कोणाला खोटी कागदपत्रे मिळवून देणे हे पुण्यकर्म नाही. त्याचबरोबर सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात राज्यघटनेचे जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असे स्पष्ट केले आहे. म्हणून सनदशीर मार्गाने बोलणे, वकिलाची मदत मिळवून देणे, लोकप्रतिनिधींना निवेदन देणे हा आपला हक्क आहे.

दुसरी गोष्ट जकातीची. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत फकीर व मिस्कीन यांच्याबरोबर 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेत अडलेला प्रवासी, हाही आहे. घरापासून तुटलेला निर्वासित या वर्गांत येतो. हनफी फिकहनुसार जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यामागील एक हिकमत अशी की घेणारा आपल्या गरजेचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. म्हणून शिलाई यंत्र, हातगाडी, शिक्षणाचे शुल्क अशा रूपाने दिलेली मदत त्याला बाजाराचा रस्ता दाखवते. अन्य धर्माच्या गरजवंतासाठी नफील सदका आहे आणि त्याचेही पुण्य आहे.

तिसरी गोष्ट मोहल्ल्याची. दंगलीमुळे, पुरामुळे किंवा कामाच्या शोधात आपल्या गावी कोणी आले तर त्याची जात-जमात विचारण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे. त्याच्या मुलांना शाळेत व मक्तबमध्ये नेऊन बसवावे. भाड्याने खोली देताना रीतसर कागद करावा, पण अडलेला पाहून दुप्पट भाडे लावू नये. आणि एक वेळचे जेवण देऊन थांबू नये. सहा महिन्यांनी तो कोठे आहे, काय कमावतो, याची चौकशी करावी. जमाअतच्या बैठकीत देणगीचा हिशेब वाचला जातो, तसा किती कुटुंबे मदत घेणे थांबवून स्वतःच्या कमाईवर आली, याचाही हिशेब वाचला जावा.

सूरह दुहामध्ये अल्लाहने आपल्या पैगंबराला (स.) आठवण करून दिली आहे की ते अनाथ होते आणि अल्लाहने त्यांना आसरा दिला. त्याच सूरहमध्ये पुढे अनाथावर सक्ती न करण्याचा व मागणाऱ्याला न झिडकारण्याचा आदेश आहे. ज्याला आसरा मिळाला त्याने आसरा द्यावा, हा क्रम अल्लाहनेच लावून दिला आहे.

हे अल्लाह, ज्यांची घरे हिरावली गेली आहेत, मग ते कोणत्याही देशाचे वा धर्माचे असोत, त्यांना तू भयमुक्त ठिकाणी पोहोचव. त्यांच्या हातांना काम आणि त्यांच्या लेकरांना विद्या दे. ज्यांनी त्यांच्यासाठी दार उघडले त्यांच्या घरात बरकत दे आणि आम्हांला ते दार मध्येच बंद न करण्याची तौफीक दे. आमीन.